प्रोसेसरच्या शीतनात पंख्याची दिशा : कोराडीच्या परिस्थितीत एक विवेचन

संगणकाच्या प्रोसेसरवर जो पंखा बसवितात त्याने वारा हीट सिंकच्या पट्ट्यांवर लोटावा की त्यांच्यामधून ओढून घ्यावा, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक भासतो. चार स्क्रू काढून पंखा उलटा बसविला की दिशा पालटते. तथापि हा पालट करून पाहणाऱ्यांचे अनुभव परस्परविरुद्ध असतात. एका यंत्रात तापमान दोन-तीन अंशांनी उतरते, दुसऱ्यात तितकेच चढते आणि तिसऱ्यात काहीच घडत नाही. अशा वेळी ‘लोटणारा पंखा श्रेष्ठ’ किंवा ‘ओढणारा पंखा श्रेष्ठ’ असा सर्वसाधारण नियम शोधण्याचा मोह होतो. असा नियम नाही. त्याऐवजी जे आहे ते समजून घेण्यास कोराडीइतके सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल. कारण एकाच आवारात हा प्रश्न तेथे दोन ठिकाणी उपस्थित होतो आणि दोन्ही ठिकाणी त्याचे उत्तर नेमके उलट द्यावे लागते.

कोराडी हे नागपूरच्या उत्तरेस कामठी तालुक्यात वसलेले गाव. महालक्ष्मी जगदंबेच्या देवस्थानाइतकीच आता त्याची ओळख औष्णिक वीजकेंद्रामुळे आहे. १९७४ पासून येथे कोळशावर वीज निर्माण होऊ लागली आणि २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॅटचे तीन संच कार्यान्वित झाले. कोळशाच्या बॉयलरला दोन प्रकारचे मोठे पंखे लागतात. बाहेरची हवा भट्टीत लोटणाऱ्यास तंत्रज्ञ ‘एफडी फॅन’ म्हणतात. जळून गेलेले वायू भट्टीतून ओढून धुराड्याकडे पाठविणाऱ्यास ‘आयडी फॅन’ म्हणतात. पहिला थंड हवा हाताळतो, दुसरा साधारणतः १३० ते १५० अंश सेल्सियस तापमानाचे वायू हाताळतो.

या दोघांची तुलना केली असता पहिला मुद्दा लगेच स्पष्ट होतो. ३५ अंशांची हवा तापून १३५ अंशांची झाली तर केवळ तापमानवाढीमुळे तिचे आकारमान सुमारे एक तृतीयांशाने वाढते. त्यात जळालेल्या कोळशाचे वस्तुमान आणि वाटेतील फटींतून शिरलेली हवा यांची भर पडते. परिणामी तितकेच काम करण्यासाठी ओढणारा पंखा लोटणाऱ्यापेक्षा बराच मोठा असावा लागतो आणि अधिक वीज खातो. शिवाय उष्ण व राखमिश्रित वायूंमुळे त्याची पाती झिजतात. म्हणूनच त्याला राख पकडणाऱ्या स्थिरविद्युत यंत्रणेच्या पलीकडे, शक्य तितक्या स्वच्छ झालेल्या वायूंत बसवितात. एवढे सारे तोटे असूनही तो टाळता येत नाही, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

हाच हिशेब प्रोसेसरला लावून पाहावा. पट्ट्यांमधून जाताना हवा १० अंशांनी तापली, म्हणजे ४५ ची ५५ झाली, असे मानले तर निरपेक्ष मापनात ती ३१८ वरून ३२८ वर गेली. ठराविक वेगाने फिरणारा पंखा दर सेकंदाला जवळजवळ ठराविक आकारमान हलवितो; वस्तुमान मात्र घनतेनुसार बदलते. सबब ओढणारा पंखा त्याच वेगाने सुमारे ३ टक्के कमी वस्तुमान हलवील. प्रोसेसरच्या तापमानात त्यामुळे पडणारा फरक फार तर एखाद्या अंशाचा. बॉयलरमध्ये जो मुद्दा निर्णायक ठरतो तो येथे जवळजवळ नगण्य आहे. ‘ओढणारा पंखा गरम हवेत फिरतो म्हणून वाईट’ हे विधान चुकीचे नाही, परंतु त्याचे वजन पाहून ते वापरले पाहिजे. गरम हवेत पंख्याच्या बेअरिंगमधील वंगण लवकर वाळते, एवढाच त्याचा जाणवण्याजोगा भाग.

दुसरा मुद्दा प्रवाहाच्या आकाराचा. लोहाराचा भाता आणि स्वयंपाकघराचे धुराडे यांत जो भेद आहे तोच येथे आहे. भात्यातून निघालेला झोत एका दिशेने, जोराने आणि घुसळत जातो. धुराडे मात्र आपल्या तोंडाभोवतालची हवा सर्व बाजूंनी सावकाश गोळा करते. हातभर अंतरावरील दिवा फुंकरीने विझतो, श्वास आत ओढून विझत नाही. पंख्याच्या पुढील बाजूस असाच झोत असतो. त्यातील खळबळीमुळे पट्ट्यांच्या पृष्ठभागाला चिकटून बसलेला हवेचा संथ थर फाटतो आणि उष्णता अधिक सहज सुटते. मागील बाजूस प्रवाह तुलनेने शांत व समान असतो. विरळ पट्ट्यांच्या हीट सिंकवर लोटणे बहुधा सरस ठरते ते यामुळेच.

परंतु झोतालाही एक उणीव आहे. पंख्याच्या मध्यभागी मोटर असते आणि तिच्या थेट पुढे हवा जवळजवळ स्तब्ध राहते. प्रोसेसर नेमका त्याच मध्यभागाखाली असतो. पंखा व पट्ट्या यांच्यात थोडे अंतर ठेवल्यास ही स्तब्ध जागा भरून निघते; पण अंतर मोकळे सोडले तर लोटणाऱ्या पंख्याची हवा त्या फटीतून बाजूला निसटते, आणि ओढणाऱ्या पंख्याच्या बाबतीत त्याच फटीतून बाहेरची हवा पट्ट्यांना स्पर्श न करताच आत शिरते. म्हणजे कोणतीही दिशा निवडली तरी फट बंद करणारे आवरण असणे वा नसणे हे दिशेइतकेच महत्त्वाचे. प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत याचे एक कारण बहुधा हेच असावे: पंखा उलटताना फटही बदललेली असते, आणि श्रेय मात्र दिशेला दिले जाते.

‘गरम हवा वर जाते, म्हणून पंख्याने वरच ओढावे’ हा युक्तिवादही नेहमी ऐकू येतो. त्याची किंमत आकड्यांत पाहणे बरे. कॅबिनेटची उंची सुमारे ४० सेंटीमीटर आणि आतील हवा बाहेरच्यापेक्षा १५ अंशांनी गरम असेल, तर केवळ हलकेपणामुळे निर्माण होणारा दाब एका पास्कलच्या पाचव्या हिश्शाएवढा भरतो. साधा पंखा दहा-वीस पास्कल सहज देतो. याउलट वीजकेंद्रांत आढळणाऱ्या २७५ मीटर उंचीच्या धुराड्यात हाच परिणाम सहाशे ते सातशे पास्कलपर्यंत जातो. धुराड्याचे तर्कशास्त्र कॅबिनेटला लावणे म्हणजे डोंगराचा नियम वारुळास लावणे होय.

आता मुख्य हिशेबाकडे वळता येईल. प्रोसेसर १०० वॅट उष्णता सोडतो आणि हीट सिंकचा औष्णिक रोध दर वॅटला अर्धा अंश आहे, असे गृहीत धरू. प्रोसेसर मग पंख्यात शिरणाऱ्या हवेपेक्षा ५० अंशांनी अधिक तापेल. वातानुकूलित खोलीत, २५ अंशांच्या हवेत, तो ७५ वर राहील. कोराडीच्या मे महिन्यातील ४५ अंशांच्या हवेत ९५ वर जाईल. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःचा वेग आपोआप कमी करतात. म्हणजे पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित कक्षात जेथे २५ अंशांची सवड असते तेथे कोराडीच्या उन्हाळ्यात अवघी ५ अंशांची उरते. शिवाय नागपूरचा प्रदेश समुद्रसपाटीपासून ३०० मीटरांहून थोडा उंच आहे. उंची आणि उष्मा यांच्या संयुक्त परिणामाने तेथील हवेची घनता दर घनमीटरला १.१८ किलोग्रॅमवरून सुमारे १.०६ पर्यंत उतरते. त्याच पंख्याने तितक्याच वेगाने हलविलेली हवा दहा टक्क्यांनी हलकी झाली. १०० वॅट वाहून नेताना हवा केवळ १० अंशांनी तापावी अशी इच्छा असेल तर सेकंदाला साडेनऊ लिटरच्या आसपास हवा पट्ट्यांमधून जावी लागते, आणि ती सर्व ताजी असावी लागते.

‘ताजी’ हा शब्द येथे कळीचा आहे. पट्ट्यांमधून बाहेर पडलेली हवा वळून पुन्हा त्याच पंख्यात शिरली, आणि त्यामुळे प्रवेशाचे तापमान ६ अंशांनी वाढले, तर वरील उदाहरणातील प्रोसेसर १०१ अंशांवर जाऊन मंदावेल. लोटणे-ओढणे यांतील फरक एक-दोन अंशांचा. फेरप्रवेशाचा फरक सहा, आठ, कधी दहा अंशांचाही. म्हणून दिशा निवडताना पहिला प्रश्न असा विचारावयास हवा की तापलेली हवा येथून कोठे जाणार? पट्ट्या मदरबोर्डपासून उंच मनोऱ्यासारख्या उभ्या असतील तर पंख्याचा झोत कॅबिनेटच्या मागील बाहेर फेकणाऱ्या पंख्याकडे गेला पाहिजे. तो उलट बसविल्यास दोन पंखे एकमेकांशी झगडतात आणि गरम हवा मध्येच घिरट्या घालते. बुटका, मदरबोर्डला समांतर पंखा असेल तर त्याने खाली लोटणे इष्ट; कारण पट्ट्यांतून निसटलेली हवा आजूबाजूच्या वीजनियंत्रक घटकांवरूनही जाते. तोच पंखा वर ओढू लागला आणि कॅबिनेटची बाजू जवळ व बंद असली, तर हवा तेथे आपटून पसरते आणि कडेने परत येते. बाजूला जाळी असेल तर मात्र वर ओढणेही चालते. कार्यालयांत कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात किंवा लोखंडी कपाटात ठेवण्याची जी रीत आहे तिच्यापुढे या सर्व निवडी व्यर्थ होत.

मोठ्या संगणककेंद्रांत हा प्रश्न एकेका यंत्रापुरता ठेवलाच जात नाही. तेथे सर्व सर्व्हर समोरून थंड हवा घेतात व मागे गरम टाकतात, आणि रांगांची मांडणी अशी असते की दोन रांगांच्या तोंडांमध्ये थंड वाट व दोन पाठींमध्ये गरम वाट राहावी. नेटवर्कची स्विच नावाची यंत्रे तर दोन्ही दिशांच्या वाऱ्याची वेगवेगळी मिळतात. चुकीच्या दिशेचे एक यंत्र बसविले तर ते गरम वाटेतील हवा पिऊन थंड वाटेत ओकते आणि शेजाऱ्यांनाही तापविते.

दिशेचा निर्णय सार्वत्रिक प्रमाण म्हणून घेतला गेला आणि पुढे फिरवावा लागला, असे एक उदाहरण संगणकाच्या इतिहासात आहे. १९९५ साली इंटेल कंपनीने कॅबिनेट व मदरबोर्ड यांच्या रचनेचे एटीएक्स हे प्रमाण मांडले. त्यात एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर लोटावी अशी योजना होती. विचार तर्कशुद्ध होता. एकाच पंख्यात दोन कामे होतील आणि कॅबिनेटमध्ये किंचित अधिक दाब राहून फटींतून धूळ शिरणार नाही, अशी अपेक्षा होती. परंतु प्रोसेसरकडे जाणारी हवा आधी एसएमपीएसच्या उष्णतेतून जात असे. प्रोसेसर थोडके वॅट घेत होते तोवर हे खपले. त्यांची भूक वाढू लागली तसे हे पूर्वतापन परवडेना. पुढील काही वर्षांत प्रमाणातच बदल होऊन एसएमपीएसचा पंखा बाहेर फेकणारा झाला, आणि आज तोच प्रघात आहे. एक गोष्ट मात्र या बदलात हातची गेली: धुळीपासूनचे संरक्षण. ज्या देशांत यंत्रे स्वच्छ, बंदिस्त खोल्यांत असतात तेथे हा तोटा फारसा जाणवला नाही. कोराडीसारख्या ठिकाणी तो जाणवतो.

येथे पुन्हा बॉयलरकडे यावे लागते. आयडी पंख्याचे सारे तोटे पत्करूनही तो का ठेवतात? केवळ एफडी पंख्याने हवा लोटली तर भट्टीतील दाब वातावरणापेक्षा अधिक होईल आणि प्रत्येक फटीतून, तपासणीच्या प्रत्येक झरोक्यातून आग, वायू व राख कामगारांच्या अंगावर येतील. म्हणून लोटणारा आणि ओढणारा असे दोन्ही पंखे तोलून चालवितात आणि भट्टीतील दाब वातावरणाहून पाण्याच्या पाच-दहा मिलिमीटर स्तंभाइतका कमी राखतात. मग फटींतून हवा आत जाते, आग बाहेर येत नाही. आतील पदार्थ बाहेर येता कामा नये, हा येथील निकष.

त्याच केंद्राच्या नियंत्रणकक्षाचा निकष बरोबर उलटा. तेथे बाहेरची राख आत येता कामा नये. विदर्भातील कोळशात राखेचे प्रमाण सामान्यतः ३० टक्क्यांहून अधिक असते. यंत्रणेने बहुतेक राख पकडली तरी वाहतूक, साठवण आणि वारा यांच्यायोगे काही अंश परिसरात राहतोच. तिचे पुष्कळ कण काही मायक्रॉन आकाराचे, काचेसारखे व गोल असतात. पट्ट्यांमधील एक-दोन मिलिमीटरच्या जागेत त्यांचा थर बसला की प्रवाह कमी होतो आणि थर स्वतःही उष्णतेस अडवितो. म्हणून नियंत्रणकक्षांत गाळलेली हवा पुरवून दाब बाहेरपेक्षा किंचित अधिक राखण्याची पद्धत आहे. दार उघडले तर हवा बाहेर जाते. भट्टी आणि संगणक यांच्यातील अंतर काहीशे पावलांचे, पण दाबाचे चिन्ह बदलते. कारण काय निसटू द्यावयाचे नाही, हे बदलते.

कॅबिनेटलाही हाच विचार लागू करावा. पुढे लोटणारे व मागे ओढणारे असे पंखे असले म्हणजे वाटेत कोठेतरी आतील दाब बाहेरच्याइतकाच होतो. बॉयलरमध्ये हा समदाबाचा बिंदू भट्टीच्या अलीकडे ठेवतात. राखेच्या प्रदेशातील कॅबिनेटमध्ये तो शक्य तितका मागे, बाहेर पडण्याच्या तोंडाजवळ सरकवावा, म्हणजे जवळजवळ सर्व कॅबिनेट अधिक दाबाखाली राहील आणि हवा केवळ गाळणीतूनच आत येईल. त्यासाठी आत घेणाऱ्या पंख्यांची क्षमता बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा, एसएमपीएसचा पंखा धरून, अधिक असावी. एसएमपीएसचा पंखा हिशेबात धरण्याचे बहुधा राहून जाते.

परंतु येथे एक अडचण आहे आणि ती कोराडीत विशेष तीव्र होते. गाळणी धुळीने भरत जाते, तिचा रोध वाढतो आणि आत घेणाऱ्या पंख्यांचा प्रवाह घटतो. बाहेर फेकणाऱ्या पंख्यांपुढे गाळणी नसल्याने ते पूर्ववत ओढत राहतात. काही आठवड्यांत तोल फिरतो: ज्या कॅबिनेटमध्ये पहिल्या दिवशी अधिक दाब होता तेथे आता उणा दाब असतो, आणि राख प्रत्येक सांध्यातून, प्रत्येक छिद्रातून गाळणीला वळसा घालून शिरू लागते. पंख्यांच्या दिशा कोणीही बदललेल्या नसतात. बदललेली असते ती गाळणी. स्वच्छ शहरात वर्षातून एकदा गाळणी झटकणाऱ्यास जे यंत्र बिनतक्रार चालते ते येथे दोन महिन्यांत राखेने भरते, ते यामुळे. यास्तव क्षमतेतील फरक भरपूर ठेवणे आणि गाळणी ठराविक दिवसांनी स्वच्छ करणे या दोन्ही गोष्टी दिशेच्या निर्णयाचाच भाग समजाव्यात.

नागपूरच्या घराघरांतील कूलर या सर्व प्रकरणावर वेगळाच प्रकाश टाकतो. त्याचा पंखा ओढणारा असतो. तीन बाजूंच्या ओल्या ताट्यांतून, मग त्या वाळ्याच्या असोत वा लाकडाच्या बारीक ढलप्यांच्या, हवा ओढून तो खोलीत टाकतो. पेटीत उणा दाब राहिल्यामुळे हवा तिन्ही ताट्यांतून सारखी शिरते आणि पाण्याचे थेंब बाहेर उडत नाहीत. ४३ अंशांची, २० टक्के आर्द्रतेची हवा चांगल्या ताट्यांतून आली तर ती २८-२९ अंशांपर्यंत उतरते. प्रोसेसरच्या दृष्टीने ही जवळजवळ १५ अंशांची बचत आहे, पंख्याच्या कोणत्याही दिशेने मिळणाऱ्या लाभाच्या कितीतरी पट. मात्र खिडकी उघडी असली पाहिजे. बाहेर जाण्यास वाट नसेल तर कूलरची हवा खोलीत दमट होऊन तुंबते, आणि त्या ओलाव्यात राखेचा थर अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे कूलर असलेल्या खोलीत कॅबिनेट थेट झोतात ठेवू नये, थंड झालेल्या हवेच्या वाटेवर परंतु थोडे बाजूस ठेवावे. पावसाळ्यात, हवा मुळातच दमट असताना, हा लाभ नाहीसा होतो आणि हानी तेवढी उरते.

एकाच हीट सिंकला दोन्ही बाजूंनी पंखे लावून एकाने लोटावे व दुसऱ्याने ओढावे, अशीही एक प्रथा आहे. एकामागे एक असे दोन पंखे दाब वाढवितात, प्रवाह फारसा वाढवीत नाहीत. म्हणून दाट पट्ट्यांत, जेथे रोध मोठा असतो, तेथेच त्यांचा उपयोग होतो. विरळ पट्ट्यांवर दुसरा पंखा मुख्यत्वे आवाज वाढवितो.

व्यवहारात उतरताना दोन बारीक गोष्टी उपयोगी पडतात. संगणकातील पंख्याच्या तारांची अदलाबदल करून तो उलट फिरविता येत नाही. त्याच्या मोटरीतील प्रवाह इलेक्ट्रॉनिक मंडल बदलत असते आणि उलट जोडल्यास पंखा फिरत नाही, कदाचित बिघडतोही. दिशा बदलावयाची तर पंखाच उलटून बसवावा लागतो. बहुतेक पंख्यांच्या चौकटीवर बाण असतो. तो नसल्यास ज्या बाजूस मोटरीला धरणाऱ्या आडव्या काड्या दिसतात त्या बाजूने सामान्यतः हवा बाहेर पडते. दुसरी गोष्ट दाबाच्या चिन्हाची. ते ओळखण्यास महागडे उपकरण लागत नाही. खोलीतील पंखे व कूलर बंद करून एक उदबत्ती कॅबिनेटच्या बाहेर, सांध्यांच्या व मागील छिद्रांच्या जवळ धरावी. धूर दूर ढकलला गेला तर आत अधिक दाब आहे, आत ओढला गेला तर उणा. ही परीक्षा गाळणी स्वच्छ असताना एकदा करावी, आणि महिनाभराने, गाळणी न झटकता, त्याच सांध्यांपाशी पुन्हा करावी.